हाऊसफुल्लचा बोर्ड आणि सावकाराची वही : गंधर्व नाटक मंडळीची केस

बालगंधर्वांबद्दल लिहायला बसलं की आपली माणसं आधी हात जोडतात, त्यामुळे गाण्यावर, लावण्यावर, शालू-पैठण्यांवर ढीगभर वाचायला मिळतं आणि जमाखर्चावर चार ओळी. इथे उलटं करतोय. गंधर्व नाटक मंडळी ही १९१३ साली निघालेली एक धंदेवाईक कंपनी होती, तिच्या नाटकांना त्या काळात मराठी मुलखात सगळ्यात जास्त मागणी होती, आणि तरी ती कर्जात गेली, मरमर करून बाहेर आली आणि परत बुडाली ती कायमची. हे असं का झालं यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात, एक म्हणजे नारायणराव, म्हणजे बालगंधर्वच, उधळ्या स्वभावाचे होते आणि दुसरं म्हणजे बोलपट आला. दोन्ही खरी आहेत, पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण उधळे नसलेले पण बुडाले आणि बोलपट यायच्या दहा वर्षं आधीच ही कंपनी कर्जात होती.

नाटकाच्या गल्ल्याच्या बाजूला बरीच वर्षं वावरल्यामुळे माझं मत असं झालंय की या कंपनीचा सांगाडाच असा होता की चांगल्या सीझनला खर्च आपोआप वाढायचा आणि वाईट सीझनला तो कमी करायची सोयच नव्हती. म्हणजे कर्ज झालं ते चांगल्या वर्षांत, वाईट वर्षांनी फक्त ते उघडं पाडलं. आता नीट बघू.

आधीची कंपनी

सुरुवात किर्लोस्कर मंडळीपासून करावी लागते कारण सगळ्या सवयी तिथूनच आल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल आणलं आणि संगीत नाटक हा धंदा म्हणून उभा राहिला. कंपनीचा आवाज म्हणजे भाऊराव कोल्हटकर. ते १९०१ मध्ये गेले आणि कंपनीचं तेजच गेलं, नाटकं तीच, पडदे तेच, पण लोक येईनात तसे. मग १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हा बायकांच्या भूमिका करणारा सतरा वर्षांचा गाता मुलगा आला आणि गल्ला परत भरायला लागला. यात पुढच्या सगळ्या गोष्टीची मेख आहे, एका गळ्यावर अख्खी कंपनी. गळा आहे तोवर सुगी, तो गेला की दुष्काळ, आणि मधे काही नाही.

१२ मार्च १९११ ला मुंबईत मानापमानचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. ही गोष्ट आपल्याकडे कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात आणि ती आहेच तशी, पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या कानाने ऐकली तर अजून एक गोष्ट ऐकू येते. पहिला प्रयोग, तिकिटं गेलेली, जाहिरात झालेली, त्या भूमिकेला दुसरा माणूस नाही. आजच्या भाषेत बदली कलाकार नाही. त्या रात्री पडदा वर गेला नसता तर कंपनीकडे दाखवायला काहीच नव्हतं. ज्या माणसावर हे ओझं होतं त्याने ते उचललं, पण एका माणसावर एवढं ओझं टाकणारा धंदा तब्येतीने धडधाकट म्हणता येणार नाही.

पुढे किर्लोस्कर मंडळीत मालकी आणि कारभारावरून कुरबुरी वाढल्या आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले, तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. कागदावर बघितलं तर यापेक्षा चांगली भागीदारी सुचणार नाही. एकाकडे गळा आणि रूप, एक कसलेला नट आणि शिस्तीचा माणूस, एक हार्मोनियमचा बादशहा, ज्याने मानापमानच्या चाली दिल्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय. खाडिलकर नाटक द्यायला तयार, विद्याहरण त्याच वर्षी आलं. १९१६ मध्ये स्वयंवर, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, त्या चालींवर आजही मैफली चालतात.

बिऱ्हाड

आता सांगाडा. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक फिरतं गाव असायचं. नट, गायक, साथीदार, पडदे रंगवणारे, पेटारे उचलणारे, आचारी, शिकायला ठेवलेली पोरं, सगळे कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचे, कंपनीच्या पंगतीत जेवायचे आणि वर पगार. नाटक असो नसो. एका गावचा मुक्काम संपला की सगळं सामान रेल्वेत घालून पुढच्या गावाला, तिथे परत बिऱ्हाड, परत चूल.

आणि उत्पन्नाच्या रात्री किती, तर आठवड्याला दोन, फार तर तीन. बुधवार, शनिवार, रविवार. यापेक्षा जास्त शक्यच नव्हतं कारण नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं, वन्समोअर वर वन्समोअर, एकेक पद लोक तीनदा-चारदा मागायचे आणि बालगंधर्व द्यायचे. हा गळा रोज रात्री असा वापरला तर महिन्यात संपला असता. म्हणजे बघा, जेवणावळ सात दिवस, पगार तीस दिवस आणि गल्ला तीन रात्री. आणि नाटकगृहाला भिंती असतात, हाऊसफुल्ल झालं की झालं, मागणी कितीही असो त्याच्या वर एक रुपया येत नाही. मागणी दुप्पट झाली म्हणून उत्पन्न दुप्पट होत नव्हतं, पण लोकांच्या अपेक्षा मात्र दुप्पट होत होत्या, आणि कंपनीचं मोठेपण दाखवायचा खर्चही.

हे मोठेपण म्हणजे काय ते किश्शांत भरपूर आहे, रंगमंचावर खरे गालिचे, खरे शालू, अत्तरं, पंगतीला पक्वान्नं आणि पंगतीत कोण कुठला पाहुणा बसलाय हे विचारायची पद्धत नाही. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष, हे आज वाचताना अंगावर काटा येतो, पण अशी माणसं फुकट राहत नाहीत. माझा या खर्चाला सरसकट विरोध नाही बरं का. थिरकवांवर झालेला खर्च हा भांडवली खर्च आहे, लोक तो ऐकायला येत होते. अत्तराचं तसं म्हणता येत नाही. पण कोणता खर्च गल्ल्यात परत येतो आणि कोणता नुसता हवेत जातो हे वेगळं काढणारा माणूस कंपनीत लागतो, आणि तोच प्रश्न पुढे आला.

एक बाजू अजून आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे मोसम. मंडळ्या पैशाच्या मागे फिरायच्या. वऱ्हाड-खानदेशात कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आला की तिकडे मुक्काम, पावसाळ्यात मोठ्या शहरात. साथ आली की गाव बंद, आणि प्लेगची ती वर्षं होती, त्यात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पीक, पाऊस, साथ, लग्नसराई, परीक्षा, सगळं गल्ल्यावर. खर्च मात्र बाराही महिने सारखा.

दोन नाटकं

या केसमधला सगळ्यात बोलका भाग १९१९ आणि १९२० हा आहे असं मला वाटतं, आणि यावर फारसं कोणी थांबत नाही.

एकच प्याला लिहिणारे गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला बडोद्याला, गंधर्व मंडळीने एकच प्याला रंगभूमीवर आणलं. बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. आता ही सिंधू म्हणजे दारूड्याची बायको, घरात दाणा नाही, अंगावर ठिगळाचं लुगडं, दळण दळतेय. ज्या माणसाचे शालू बघायला बायका यायच्या तो ठिगळाच्या लुगड्यात उभा राहिला आणि लोक ढसाढसा रडले, नाटक जोरात चाललं, परत परत चाललं. नेपथ्याचा खर्च किती लागला असेल याचा अंदाज करा. धंद्याच्या दृष्टीने हा सरळ पुरावा होता की लोक गळ्यासाठी आणि अभिनयासाठी येतायत, जरीसाठी नाही.

आणि पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, द्रौपदी. मयसभा, राजवाडे, दागिने, वस्त्रं. कंपनीने तोवर केला नव्हता एवढा खर्च त्यावर केला. नाटक पडलं असं नाही, पण असा खर्च वसूल व्हायला जितके प्रयोग लागतात तितके प्रयोग आठवड्याला तीन रात्री करून व्हायला वर्षं जातात, तोवर व्याज थांबत नाही. मला कायम प्रश्न पडतो की सिंधूचं लुगडं हातात असताना यांनी मयसभा का बांधली. उत्तर बहुतेक असं की चांगल्या सीझनमध्ये माणसाला शेवटचं यश आठवत नाही, स्वतःची कीर्ती आठवते. लोकांना बालगंधर्वांकडून वैभव हवंय ही समजूत कंपनीत एवढी पक्की होती की एकच प्यालासारखा धडधडीत पुरावा पण अपवादात गेला.

तोवर भागीदारीही उरली नव्हती. टेंबे आधीच बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी काढून बसले होते आणि एकच प्यालानंतर बोडसही गेले. बोडसांची ख्याती हिशोबी माणसाची. ते गेल्यावर कंपनीत बालगंधर्वांना "हे परवडत नाही" असं तोंडावर सांगू शकेल असा बरोबरीचा माणूस राहिला नाही. जे राहिले ते पगारी नाहीतर घरचे. आणि बालगंधर्व स्वतः भेटेल त्याला "देवा" म्हणणारे, प्रेक्षकाला मायबाप म्हणणारे, पैसे हातात न धरणारे. अशा माणसाच्या आजूबाजूला हात मारणारे जमतात हे सांगायला इतिहासकार लागत नाही. १९२१ च्या सुमारास कंपनी एकट्या त्यांची झाली, कर्जासकट, आणि कर्ज तोवर लाखाच्या भाषेत बोलण्याइतकं झालं होतं. लाख म्हणजे तेव्हाचे लाख.

८ जुलै १९२१

याच वर्षी मराठी रंगभूमीवरची सगळ्यात गाजलेली रात्र झाली. मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये संयुक्त मानापमान, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर, तिकिटांचे दर त्या काळाच्या मानाने आकाशाला भिडलेले, आणि तरी जागा नाही. गांधीजींनी हाक दिलेल्या टिळक स्वराज्य फंडासाठी हा प्रयोग होता, म्हणजे पैसा फंडात गेला.

केस म्हणून बघताना मला या रात्रीचं एक भारी वाटतं. या रात्रीने सिद्ध केलं की बाजारात केवढा पैसा होता. दोन कंपन्यांनी मिळून वर्षातून असे ठरावीक प्रयोग केले असते तर दोघांचीही कर्जं फिटली असती, हे तेव्हाही कोणाच्या तरी डोक्यात आलं असणार, संयुक्त सौभद्रही झालं पाठोपाठ. पण ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव विषमज्वराने गेले, वय अवघं एकतीस. संपलं. परत तेच, एक गळा गेला की योजना गेली. केशवरावांचं नाव असलेलं कोल्हापूरचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तेव्हा सगळ्यांना ते परत आठवले.

फेड

यानंतरची सहा-सात वर्षं ही या कंपनीची खरी परीक्षा, आणि इथे मात्र बालगंधर्वांना उधळे म्हणून उडवून लावणाऱ्यांनी जरा थांबावं. चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडू असा विषय काढला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं असं सांगतात, नाटकाला या, तिकीट काढा, तेवढं पुरे. आणि प्रयोगांवर प्रयोग करून त्यांनी ते कर्ज बरंचसं फेडत आणलं. तिशी-चाळिशीचा माणूस, रात्ररात्र गाणं, गावोगाव फिरणं. नवी नाटकं पण चालू, १९२६ चं मेनका वगैरे, पण गल्ला मुख्यतः जुन्यावर, शारदा, मृच्छकटिक, सौभद्र, स्वयंवर, एकच प्याला. जुनं नाटक म्हणजे कपडे झालेले, पडदे झालेले, सगळं वसूल झालेलं, येईल तो पैसा कर्जाला.

म्हणजे कंपनी फायद्यात चालू शकत होती! गळा होता, मागणी होती, खर्च आवरला तर पैसा उरत होता. पण या फेडीच्या काळातही सांगाडा बदलला नाही. बिऱ्हाड तेच, पंगत तीच, तीन रात्री त्याच. कर्ज उतरलं की श्वास घेतला, एवढंच. वाईट दिवसासाठी बाजूला काढलेलं काही नाही, कर्ज फेडणाऱ्याकडे ते कुठून असणार म्हणा. आणि गळा एक दशकाने म्हातारा झाला होता.

पडदा वेगळाच

१९२९ ची जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, कापसाचेही, म्हणजे मंडळ्यांच्या दौऱ्याची जी हमखास गावं तिथलाच खिसा रिकामा. त्यात १९३१ ला आलम आरा हा पहिला बोलपट आणि १९३२ ला प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा, आणि त्यात हरिश्चंद्र कोण तर गोविंदराव टेंबे! संगीतही त्यांचंच. गंधर्व मंडळीतून बाहेर पडलेला भागीदार मराठी बोलपटाचा पहिला नायक, दैवाची थट्टा ती हीच.

बोलपटाने नाटकाचं नेमकं काय केलं हे सांगताना लोक म्हणतात की प्रेक्षक पळवला. तो पळवलाच, पण त्याहून मोठा घाव नाट्यगृहावर बसला. थिएटरच्या मालकाच्या जागी बसून बघा. नाटक मंडळी आठवड्याला तीन रात्री भाडं देणार, तेही मुक्काम असेल तेव्हा, आणि कर्जबाजारी मंडळी असेल तर उधारीवर. सिनेमावाला रोज दोन-तीन खेळ करणार, वर्षभर. त्याने मशीन बसवलं, संपला विषय. पुण्या-मुंबईची नाट्यगृहं एकेक करून सिनेमाकडे गेली आणि नाटकाला लोक हवे असले तरी उभं राहायला जागा मिळेना. शिवाय गाणी तर बोलपटातही होती, आणि तिकीट स्वस्त.

तिसरी गोष्ट चाहत्यांना बोलायला आवडत नाही. बायकांच्या भूमिका आता बायका करायला लागल्या होत्या, हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली होती, १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळामध्ये ज्योत्स्नाबाई भोळे होत्या. पंचेचाळिशीकडे झुकलेल्या पुरुषाने स्वयंवरातली सोळा वर्षांची रुक्मिणी करायची आणि लोकांनी ती मानायची, हा करार प्रेक्षक आणि कंपनीत वीस वर्षं चालला, तो आता नव्या प्रेक्षकाला मंजूर नव्हता. जुना प्रेक्षक डोळे मिटून गाणं ऐकत होता. १९३१ चं कान्होपात्रा चाललं, भक्तीचं गाणं डोळे मिटून ऐकायलाच असतं, पण तेवढ्यावर फिरतं गाव पोसलं जाईना. शेवटी प्रभातबरोबर भागीदारीत सिनेमे करायचं ठरलं, १९३५ चा धर्मात्मा, त्यात बालगंधर्व संत एकनाथ. निघाला तो एकच. समोर मायबाप नाहीत, वन्समोअर नाही, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची ती लोकांसाठी नाही तर कॅमेऱ्यासाठी, ते या माणसाला रुचणारं नव्हतंच. ते परत रंगभूमीकडे आले, पण मंडळी म्हणून जी होती ती आता राहिली नव्हती.

आणि आता उधळेपणाच्या मुद्द्याकडे. दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी १९१८ ला निघाली, तीही याच वर्षांत सिनेमात पडली आणि मोडली. ललितकलादर्श केशवरावांनंतर बापूराव पेंढारकरांनी सांभाळली, वरेरकरांची सामाजिक नाटकं केली, काळाबरोबर बदलायचा प्रयत्न केला, तीही १९३७ मध्ये बापूराव गेल्यावर थांबली. स्वभाव वेगवेगळे, नाटकं वेगवेगळी, शेवट मात्र साधारण एकाच सुमाराला. तेव्हा एका माणसाच्या अत्तराच्या बाटलीवर सगळं ढकलणं मला पटत नाही, जरी बाटली होती तरी.

मग चाललं कोण

त्याच पडझडीच्या १९३३ मध्ये अत्र्यांचं साष्टांग नमस्कार आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. राजवाडा नाही, रात्रभर गाणं नाही, खच्चून हसू. पाठोपाठ घराबाहेर, लग्नाची बेडी. म्हणजे मंदी आणि बोलपट असताना सुद्धा लोक नाटकाचं तिकीट काढत होते. पुढे १९४१ मध्ये मो. ग. रांगणेकरांनी नाट्यनिकेतन काढली आणि १९४२ ला कुलवधू, मोजकी पात्रं, घरातला सेट, थोडी गाणी, आटोपशीर वेळ. खर्च बसवून मग नाटक लिहिलंय असं वाटावं इतकं नेटकं काम. मला हे अपमान म्हणून म्हणायचं नाही, उलट. धंद्याच्या गणितात बसणारं चांगलं नाटक लिहिणं हे वेगळं कसब आहे आणि आपल्याकडे त्याला नाक मुरडायची सवय आहे.

पण खरा बदल झाला तो पैसे द्यायच्या पद्धतीत. बिऱ्हाड गेलं आणि नाइट आली, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेले पैसे. नट आपल्या घरी राहणार, नोकरी करणार, प्रयोगाला येणार, प्रयोगाची नाइट घेणार आणि लोकलने घरी जाणार. बॅकस्टेजवाले, कपडेपटवाले, लाइटवाले सगळे नाइटवर. प्रयोग नाही तर खर्च नाही. त्यात कंत्राटदार आला, जो ठरलेल्या रकमेला अख्खा प्रयोग विकत घेतो आणि तिकीटविक्रीची रिस्क स्वतः घेतो, निर्मात्याला बसभाडं आणि नाइटी सुटून वर काहीतरी हमखास. रांगणेकरांनीच १९६२ च्या ऑक्टोबरात तो मी नव्हेच आणलं, अत्र्यांचं नाटक, प्रभाकर पणशीकर पाच रूपांत आणि खाली फिरता रंगमंच. भपका तोही होता, पण तो गोष्ट पळवण्यासाठी होता, आणि पुढे पणशीकरांनी ते नाट्यसंपदातर्फे वर्षानुवर्षं चालवलं. १९६५ ला दादरला शिवाजी मंदिर झालं, मग गावोगाव नगरपालिकांची नाट्यगृहं, जागेचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा पायाही १९६२ चाच, उद्घाटन २६ जून १९६८ ला, पण बालगंधर्व १५ जुलै १९६७ लाच गेले होते.

या नव्या सांगाड्याने वाईट सीझन पचवले हे कबूल करावं लागतं. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही, व्हिडिओ, रविवारचं रामायण, सगळ्यांनी नाटक मेलं म्हणून श्राद्ध घातलं, आणि त्याच दशकात मच्छिंद्र कांबळींचं वस्त्रहरण आणि सुधीर भटांच्या सुयोगचं मोरूची मावशी हजारांच्या दिशेने गेलं. एखादं नाटक पडलं तर निर्माता दहा-पंधरा प्रयोगांत ओळखतो आणि सेट गोडाऊनला टाकतो. लाखाचं कर्ज दशकभर फेडत बसायची वेळ येत नाही. पुढचं नाटक काढता येतं. गंधर्व मंडळीला ही चैन नव्हती.

फक्त एक विचारायचं राहतं, की रिकाम्या दिवसाचा जो खर्च बालगंधर्वांच्या वहीत पडायचा तो गेला कुठे. तो नाहीसा नाही झाला, तो नाइटवाल्याच्या घरी गेला. पितृपक्ष, परीक्षा, निवडणूक, जूनचा पहिला पाऊस, प्रयोग लागत नाहीत तेव्हा निर्मात्याचं नुकसान म्हणजे न झालेला नफा, आणि बॅकस्टेजच्या माणसाचं नुकसान म्हणजे किराणा. हे वर्षानुवर्षं चालत होतं पण आठवडा-दोन आठवड्यांचं असल्यामुळे दिसत नव्हतं. मग मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, डिसेंबरात थोडे प्रयोग लागले, एप्रिल २०२१ ला परत कुलूप, २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडलं, तेही निम्म्यावर. त्या काळात सेट लावणारी, इस्त्री करणारी, चहा देणारी माणसं भाजी विकत होती, रिक्षा चालवत होती, गावाला गेली होती, काही परत आलीच नाहीत. नटांनी, संस्थांनी, प्रेक्षकांनी मदत केली, किराण्याची किट वाटली, ते चांगलंच झालं, पण ती मदत होती, हक्काचं काही नव्हतं. बालगंधर्वांच्या बिऱ्हाडात साथीच्या दिवसांत पडदे उचलणारा माणूस उपाशी राहिला नसता, मालकाने कर्ज काढलं असतं. म्हणून कोणी बिऱ्हाड परत आणा म्हणेल तर मी हसेन, ते परवडणार नाही, कोणाला नाही. पण चांगल्या सीझनच्या प्रत्येक हाऊसफुल्लमधून तिकिटामागे पाच-दहा रुपये रिकाम्या दिवसांच्या फंडात टाकायला काय हरकत आहे, याला निर्माते मंडळींकडून मला आजवर पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. २०२२ नंतर शनिवार-रविवारचे बोर्ड परत भरायला लागलेत, मधल्या वारी नट मालिकांच्या सेटवर असतात म्हणून प्रयोगच लागत नाहीत, आणि बॅकस्टेजचा माणूस आता आठवड्याच्या दोन दिवसांवर सात दिवस काढतो.